गोटेजडित पायफरशी

गोटेजडित पायफरशी : बागेत पावलापावलाच्या अंतरावर बसवायची, माथ्यावर नदीचे गोटे जडवून नक्षी केलेली सुटी फरशी. जमिनीवरील कुट्टिमचित्रणाच्या (लहान तुकडे जडवून केलेल्या चित्रकामाच्या, मोझेइकच्या) एका अतिशय जुन्या प्रकाराचे हे उद्यानातील रूप होय.

नक्षीदार गोट्यांच्या ज्ञात जमिनींत तुर्कस्तानातील गॉर्डियन येथील जमीन सर्वांत जुन्यांपैकी एक मानतात. फ्रिजियन या प्राचीन लोकांच्या या राजधानीतील एका वास्तूत लाल, पांढऱ्या व गडद निळ्या गोट्यांच्या भौमितिक आकृती सापडल्या. ही वास्तू ज्या आगीत जळाली, ती पूर्वी इ. स. पू. सु. ७०० ची समजत. रेडिओकार्बन मापनानंतर (सेंद्रिय अवशेषांतील कार्बनवरून काढलेल्या वयानंतर) ती इ. स. पू. सु. ८०० पर्यंत मागे गेली असून हेच मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास उत्तर सिरियातील अर्सलान ताश व तिल बार्सिप येथील काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या जमिनी तिच्या नंतरच्या ठरतात. ग्रीकांनी ही कला पूर्वेकडून उचलली की घरच्या साध्या गोटेफरशीतून वाढवली, याविषयी मतभेद आहेत. मधले दुवे तुटक असल्याने दुसरे मत सहज नाकारता येत नाही. ऑलिंथस हे ग्रीक नगर इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त झाले, म्हणून तेथील चित्रे त्यापूर्वीची. मॅसिडोनियाची राजधानी पेला येथील काही चित्रांत बाह्यरेषांसाठी शिशाच्या पट्ट्या उभ्या रोवलेल्या आहेत.

चीनमध्ये जी चंग या उद्यानरचनाकाराच्या ‘युआन ये’ (सु. १६३१) या उद्यानग्रंथात लहानमोठे गोटे मिसळून, कमी रहदारीच्या जागी जडवावेत असे सांगितले आहे. सुटे पायदगड जपानी चहापान-विधीच्या उद्यानांतले. साच्यात ओतलेली फरशी सिमेंटच्या प्रसारानंतरची.

कृती : ४० सेंमी. व्यासाच्या, ६ सेंमी. खोल साच्याला आतून तेल लावतात. तळाशी ३ सेंमी. काँक्रीट (सिमेंट १, वाळू २, बारीक खडी ३) भरून, ते ओले असतानाच वर १:३ प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा घट्ट मसाला घालतात. धुतलेले, ओलसर, २.५ ते ३ सेंमी. लांबीचे गोटे त्यात उभे व एकमेकांना खेटून रोवावेत. आडवा गोटा सुंदर दिसतो, पण त्याची पकड उथळ असल्याने तो लवकर निखळतो. शेवटी सपाट फळी ठेवून ठोकतात. गोट्यांची डोकी मसाल्यावर ३ ते ५ मिमी.च राहावीत. पाणी जास्त झाल्यास गोटे बुडतात व पृष्ठभागावर कमकुवत साय येते. दीड-दोन तासांनी ओल्या स्पंजाने डोकी पुसतात. साचा दोन दिवसांनी काढून फरशी किमान ७ दिवस, पोझोलाना (राखेसारखे पदार्थ मिसळलेले) सिमेंट असल्यास १० दिवस, ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. तयार फरशीचे वजन सु. १७ किग्रॅ. भरते.

दख्खनी नद्यांचे काळे बेसॉल्टचे गोटे उत्तम. मात्र सच्छिद्र किंवा नखाने माती सुटणारे टाळावेत. समुद्रकाठचे गोटे गोड्या पाण्यात वारंवार न धुतल्यास फरशीवर लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो. बाजारातले मेण लावून चकाकवलेले संगमरवरी गोटे मसाला नीट धरत नाहीत, पावसाळ्यात निसरडे होतात आणि सिमेंटचे डाग काढण्यासाठी आम्ल वापरल्यास फेसाळून खरवडले जातात.

बसवताना दोन फरशांच्या मध्यांत ५५ ते ६० सेंमी. अंतर पुरते. काळ्या मातीत १५ सेंमी. खोदून मुरूम ठोकून भरावा व वर ३ सेंमी. वाळू पसरावी, नाहीतर माती फुगून-आकसून फरशी डुगडुगते आणि मधोमध तडकते. हिरवळीत माथा जमिनीलगत ठेवतात, म्हणजे गवत कापणारे यंत्र अडत नाही.