ऑक्सिजन विश्लेषकाचे कॅलिब्रेशन: परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

चालू प्रक्रियेवर बसवलेल्या ऑक्सिजन विश्लेषकाचे कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या वायूशी त्याचे वाचन ताडून दुरुस्त करणे) थोडक्या वेळात उरकणारे काम असले, तरी त्यात उच्च दाबाचे सिलिंडर हाताळावे लागतात आणि तेवढ्या काळापुरते विश्लेषकाचे वाचन प्रक्रियेबद्दल खरे सांगत नाही. त्यामुळे हे काम लेखी परवान्याखालीच करावे.

अर्ज प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञाने करावा आणि मंजुरी त्या विभागाच्या प्रभारी अधिकाऱ्याने द्यावी. दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या असू नयेत. अर्जदाराला संबंधित प्रकारच्या विश्लेषकाचे, तसेच सिलिंडर व रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून वायू सोडणारे साधन) हाताळण्याचे प्रशिक्षण मिळालेले असावे. केवळ अनुभवाच्या वर्षांवरून पात्रता ठरवू नये, कारण ऑक्सिजनच्या चुंबकीय गुणधर्मावर चालणाऱ्या पॅरामॅग्नेटिक विश्लेषकावर हात बसलेला माणूस तापलेल्या सिरॅमिक सेलवर चालणाऱ्या झिर्कोनिया विश्लेषकाच्या बाबतीत नवखा असू शकतो.

अर्जासोबत उत्पादकाची कार्यपुस्तिका, मागील कॅलिब्रेशनची नोंद, वापरायच्या वायूंची सुरक्षा माहितीपत्रके आणि प्रत्येक सिलिंडरचे प्रमाणपत्र जोडावे. प्रमाणपत्रावरील सिलिंडर क्रमांक प्रत्यक्ष सिलिंडरवरील क्रमांकाशी जुळतो का, वैधतेची तारीख उलटली नाही ना आणि घटकाच्या प्रमाणाबरोबर त्याची अनिश्चितताही दिली आहे का, हे परवाना देणाऱ्याने स्वतः पाहावे.

कोणता वायू वापरणार, हे अर्जात विश्लेषकाच्या प्रकारानुसार लिहावे. पॅरामॅग्नेटिक आणि इलेक्ट्रोकेमिकल विश्लेषकांचा शून्यबिंदू सहसा शुद्ध नायट्रोजनवर तपासतात. झिर्कोनियाचे मात्र तसे नाही: त्याचा व्होल्टेज सेलच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असल्यामुळे शून्य ऑक्सिजनला अर्थच उरत नाही, आणि म्हणून नायट्रोजनमध्ये ऑक्सिजनचे थोडे, ज्ञात प्रमाण असलेले मिश्रण वापरतात. शिवाय त्याचा सेल साधारण 700 अंश सेल्सिअसला तापलेला असतो; ज्वलनशील वायू तेथे पोहोचल्यास तो पेटू शकतो किंवा सेलवरच जळून ऑक्सिजन कमी दाखवतो. वरच्या बिंदूसाठी हवा वापरायची असेल, तर ती कोरडी असावी. कोरड्या हवेत ऑक्सिजन 20.95 टक्के असतो. 25 अंशांच्या बाष्पसंपृक्त हवेत तो सुमारे 20.3 टक्के भरतो, आणि हा फरक विश्लेषकाचा दोष समजून कोणी समायोजन केले, तर बरोबर चालणारे यंत्र बिघडते.

अर्जातील दोन रकाने बहुतेक वेळा घाईत भरले जातात, आणि परवान्याचे खरे मोल त्यांतच आहे. पहिला रकाना बायपासचा, म्हणजे सुरक्षा यंत्रणा तात्पुरती वगळण्याचा. विश्लेषकाच्या वाचनावर बर्नर किंवा निष्क्रिय वायूचे आवरण बंद-चालू होत असेल, तर तो इंटरलॉक (वाचनावरून आपोआप चालणारी सुरक्षा जोडणी) कोणी, किती वेळासाठी वगळला आणि तोपर्यंत ऑक्सिजनवर दुसऱ्या कोणत्या साधनाने लक्ष ठेवले जाणार, हे लिहिल्याशिवाय मंजुरी देऊ नये. दुसरा रकाना बाहेर पडणाऱ्या वायूचा. नायट्रोजनला वास नसतो. बंद विश्लेषक कक्षात तो साचल्यास माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. म्हणून निर्गम नळी मोकळ्या हवेत न्यावी, वायुवीजन चालू ठेवावे आणि तंत्रज्ञाच्या अंगावर स्वतंत्र ऑक्सिजन मॉनिटर असावा. 19.5 टक्क्यांखाली वाचन गेल्यास काम सोडून कक्षाबाहेर यावे, 23.5 टक्क्यांवर गेल्यासही तेच करावे, कारण तेव्हा साधे कापडसुद्धा झपाट्याने पेटते. जास्त ऑक्सिजनचा सिलिंडर असल्यास रेग्युलेटर ऑक्सिजनसाठीचाच असावा, त्याला तेल-ग्रीस लागलेले नसावे आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.

समायोजनाला हात लावण्यापूर्वीचे वाचन नोंदीत आधी उतरवावे. ते नसेल, तर मागील कॅलिब्रेशनपासून यंत्र किती सरकले होते, हे नंतर कळण्याचा मार्ग राहत नाही. समायोजनानंतरचे वाचन, सिलिंडर क्रमांक, प्रवाह, वेळ आणि सही त्याखाली येते. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून नळ्यांमधील दाब सोडल्यावर, विश्लेषक नमुना वायूवर परत घेऊन वाचन स्थिरावल्यानंतरच बायपास काढावा, आणि तो काढल्याची प्रभारी अधिकाऱ्याची सही झाल्यावर परवाना बंद करावा.