संयुक्त की-ऑब्जेक्ट

दोन किंवा अधिक मूल्यांनी मिळून ज्याची ओळख ठरते आणि जे हॅश मॅपमध्ये (कीवरून नोंद शोधून देणाऱ्या रचनेत) किंवा सेटमध्ये एकच की म्हणून वापरले जाते, अशा ऑब्जेक्टला संयुक्त की-ऑब्जेक्ट म्हणतात. विद्यार्थी क्रमांक आणि विषय क्रमांक यांच्या जोडीवरून गुण शोधायचे असतील, तर ती जोडीच की होते. दोन्ही क्रमांक मजकूर म्हणून सलग लिहिण्याची पळवाट पुष्कळदा काढली जाते. पण मग १ व २३ आणि १२ व ३ या दोन्ही जोड्यांची की ‘१२३’ अशीच होते आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात जातात.

जावामध्ये अशा क्लाससाठी इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे सांगणारी) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टच्या मूल्यांवरून एक पूर्णांक, म्हणजे हॅश, काढणारी) या दोन मेथड लागतात. त्यांच्यातला नियम एकतर्फी आहे: समान ऑब्जेक्टांचे हॅशकोड समान असलेच पाहिजेत, मात्र हॅशकोड जुळले म्हणून ऑब्जेक्ट समान ठरत नाहीत. इक्वल्स लिहून हॅशकोड राहून गेला, तर मॅपमध्ये ठेवलेली नोंद त्याच मूल्यांच्या नव्या कीने बहुधा सापडत नाही, कारण शोध भलत्याच बकेटमध्ये, म्हणजे हॅशकोडवरून ठरणाऱ्या कप्प्यात, होतो. एररही येत नसल्याने हा दोष हुडकणे जिकिरीचे असते.

घटकांचे हॅश नुसते एक्सऑर केले (दोन संख्यांचे बिट जिथे वेगळे तिथे १, जिथे सारखे तिथे ० धरले), तर (३, ५) आणि (५, ३) यांचा हॅश एकच येतो आणि (७, ७) चा शून्य. म्हणून आधीच्या फलाला ३१ ने गुणून त्यात पुढच्या घटकाचा हॅश मिळवण्याची रीत रूढ झाली. त्या रीतीनेही (०, ३१) आणि (१, ०) यांची टक्कर होतेच. पण तिथे इक्वल्स निवाडा करते, त्यामुळे थोडा वेळ जातो, उत्तर चुकत नाही.

हाताने लिहिलेल्या क्लासमध्ये नवे फील्ड एका मेथडमध्ये येते आणि दुसरीत राहते. दोन्ही मेथड एकाच यादीवरून आपोआप तयार करण्याचे खरे कारण हेच. सीजीलिब या जावा लायब्ररीतील कीफॅक्टरी ही सोय प्रोग्राम चालू असतानाच असा क्लास बनवते. २०२१ मधील जावा १६ पासून रेकॉर्ड (फक्त मूल्ये धरून ठेवणारे आटोपशीर क्लास) हे काम भाषेतच करतात. पायथन ३.७ मध्ये आलेला, तशाच कामाचा डेटाक्लास अधिक सावध आहे: फ्रोझन (मूल्ये बदलू न देणारा) किंवा तसा दुसरा पर्याय न दिल्यास त्याचे ऑब्जेक्ट मुळात हॅशच होत नाही.

घटक बदलता येण्याजोगा असेल, तर मात्र आपोआप तयार झालेला कोडही अपुरा पडतो. रेकॉर्डमधील अ‍ॅरेची तुलना आशयावरून होत नाही, तर तो तोच अ‍ॅरे आहे का एवढेच पाहिले जाते; आणि रेकॉर्डमधील लिस्ट मॅपमध्ये ठेवल्यावर बदलली, तर नोंद जुन्याच बकेटमध्ये राहते, मॅप ओळीने वाचताना दिसते, पण कीने मागितली की सहसा मिळत नाही.