अपडेटनंतर कोसळणारा प्रोग्रॅम: जुन्या चुका, नवे अ‍ॅलोकेटर

कालपर्यंत बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलताच कोसळू लागला, की खापर नव्या आवृत्तीवर फुटते. मेमरी बिघडवणाऱ्या बगच्या बाबतीत हा निवाडा बहुतेक वेळा चुकतो. चूक प्रोग्रॅममधलीच आणि जुनीच असते. जुनी सिस्टिम ती पोटात घालत होती, एवढेच.

सी भाषेत बफरच्या, म्हणजे माहितीसाठी राखलेल्या जागेच्या, पुढे लिहिले किंवा मोकळी केलेली मेमरी वाचली तर काय व्हावे, हे मानक ठरवतच नाही. ते ठरते अ‍ॅलोकेटरच्या, म्हणजे प्रोग्रॅमला मेमरीचे तुकडे देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या भागाच्या, सवयींवर. ६४-बिट लिनक्सवरच्या जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीकडे २० बाइट मागितले तर वापरता येण्याजोगे २४ मिळतात. एकविसाव्या बाइटवर लिहिणारी चूक त्या फाजील जागेत वर्षानुवर्षे पचते. पंचविसावा बाइट मात्र पुढच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर पडतो, आणि क्रॅश होतो तो भलतीकडेच, मेमरी परत करणाऱ्या नंतरच्या एखाद्या ‘फ्री’मध्ये. म्हणून क्रॅशच्या जागी दिसणारा स्टॅक ट्रेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी, गुन्हेगार दाखवत नाही, प्रेत कुठे सापडले ते दाखवतो.

एकच चूक दोन सिस्टिमवर दोन तऱ्हेने वागते, याचे जुने उदाहरण म्हणजे नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म, म्हणजे यंत्रामागून यंत्रात स्वतःच पसरणारा प्रोग्रॅम. यंत्रावरच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ सेवेतला ५१२ बाइटचा बफर ‘गेट्स’ या फंक्शनने मर्यादा न तपासता भरला जाई. व्हॅक्स यंत्रांवर वर्मला त्यातून आत शिरता आले. सन यंत्रांवर तीच सेवा नुसती कोसळली. ‘गेट्स’ सीच्या मानकातून हटले ते थेट २०११ मध्ये.

विंडोज ९५ च्या वेळी पेच उलटा होता. ‘सिमसिटी’ हा खेळ मोकळी केलेली मेमरी लगेच पुन्हा वाचत असे. आधीच्या विंडोजवर ती जागा तोवर कोणी घेत नसल्याने सारे निभावून जाई. नव्या सिस्टिमवर खेळ पडू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने तो चालू आहे का हे ओळखून मेमरी लगेच परत न घेणारी खास वागणूक आत घातली. ग्राहकांची सोय झाली, पण बग जिथल्या तिथेच राहिला.

ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमने नेमका याच्या विरुद्ध रस्ता धरला. २००८ मध्ये ओटो मूरबीक यांच्या नव्या मॅलॉकने (मेमरी मागण्याच्या फंक्शनने) अर्ध्या पेजहून (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा भाग) मोठे तुकडे पेजच्या शेवटाला सरकवून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे हद्द ओलांडणारा पुढच्या, न जोडलेल्या पेजवर आपटावा. स्पार्क६४ यंत्रांवर कंपायलर अधूनमधून कोसळू लागला. मूळ सापडले ते यॅक या साधनाने बनवलेल्या पार्सरमध्ये, म्हणजे कोडची रचना वाचणाऱ्या भागात: स्टॅकच्या हद्दीची तपासणी एका घराने चुकलेली. ही चूक १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सपर्यंत मागे जात होती. म्हणजे ३३ वर्षे ती जगभर चालत होती, आणि ती पकडायला कोणाची हुशारी नव्हे, तुकडा ठेवण्याची बदललेली जागा पुरली.

२०१० चे फेडोरा १४ या लिनक्सचे प्रकरण अधिक बोचरे. जीलिबसीने नव्या प्रोसेसरांसाठी मेमरीची नक्कल करणारे ‘मेमकॉपी’ वेगवान केले. त्यात काही वेळा नक्कल शेवटाकडून सुरू होई. स्रोत आणि लक्ष्य एकमेकांवर येत असतील तर ‘मेममूव्ह’ वापरा, हा नियम जुनाच. पण फ्लॅश प्लेअर तो मोडत होता, आणि व्हिडिओचा आवाज फाटू लागला. नियम कोणी मोडला यावर दुमत नव्हते, वाद होता तो वापरणाऱ्याने का सोसावे याचा. अखेर जीलिबसी २.१४ मध्ये ‘मेमकॉपी’ला नवे आवृत्तीचिन्ह मिळाले आणि जुन्या बायनरींना (आधीच कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमना) मेममूव्हसारखे सुरक्षित वर्तन. त्यामुळे आजही तोच स्रोत नव्याने कंपाइल केला की बिघडतो आणि जुनी बायनरी ठीक चालते, असा चकवा बसू शकतो.

विंडोजवर दोन सापळे आहेत. पहिला विंडोज ७ पासूनचा ‘फॉल्ट टॉलरंट हीप’: प्रोग्रॅम हीपच्या (मॅलॉक जिथून तुकडे देतो त्या मेमरीच्या) गडबडीने वारंवार पडला तर सिस्टिम त्याच्यासाठी हीपचे वागणे सैल करते, आणि क्रॅश आपोआप थांबल्यासारखा वाटतो. चाचणीच्या यंत्रावर हे रजिस्ट्रीतून बंद ठेवावे. दुसरा, डीबगरखाली सुरू केलेल्या प्रोग्रॅमला पूर्वी आपसूक वेगळ्या तऱ्हेने वागणारी डीबग हीप मिळे, त्यामुळे बग डीबगरमध्ये दिसेनासा होई. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ती सवय बदलली. खात्रीचा उपाय जीफ्लॅग्ज या साधनातून त्या प्रोग्रॅमपुरता पूर्ण पेज हीप चालू करणे: प्रत्येक तुकड्यामागे निषिद्ध पेज येते, आणि चूक करणाऱ्या ओळीवरच क्रॅश होतो. मेमरी भरपूर खर्च होते, ती मोजायची तयारी ठेवावी.

मॅकओएस १३ पासून ‘फ्री’ सोडलेल्या तुकड्यात शून्ये भरतो. मोकळ्या जागेतून जुना मजकूर वाचून तगलेले प्रोग्रॅम आता शून्य वाचतात. सोडलेल्या जागेत उशिरा लिहिणारे याहून वाईट: त्यांच्यामुळे दुसऱ्याच कोणाला, शून्ये भरलेली मेमरी देणाऱ्या ‘कॅलॉक’कडून शून्य नसलेली मेमरी मिळू शकते. निदानासाठी एक्सकोडमधले ‘मॅलॉक स्क्रिबल’ चालू करावे. सोडलेल्या जागेत हेक्स ५५ आणि नव्या जागेत हेक्स एए भरले जाते, मग मेमरीच्या डंपमध्ये (क्रॅशच्या वेळच्या नोंदीत) ५५५५ दिसले की प्रकार कळतो. अँड्रॉइड ११ ने स्कुडो हा कडक अ‍ॅलोकेटर आणला आणि पॉइंटरच्या (मेमरीच्या पत्त्याच्या) सर्वांत वरच्या बाइटमध्ये खूण ठेवली. त्या बाइटमध्ये स्वतःची माहिती कोंबणारे ‘चतुर’ कोड तिथेच अडकले.

अशा चुका पकडणारी हत्यारेही याच वाटेने आली: १९८७ चे इलेक्ट्रिक फेन्स, २००२ चे व्हॅलग्राइंड, २०१२ चे अ‍ॅड्रेससॅनिटायझर. शेवटचे दर ८ बाइटमागे १ बाइट सावलीची नोंद ठेवते आणि वेग साधारण निम्मा करते. व्हॅलग्राइंड कितीतरी पट मंद, पण त्याला पुन्हा कंपाइल करावे लागत नाही. म्हणून स्रोत हाती असेल तर आधी सॅनिटायझर, नुसती बायनरी असेल तर व्हॅलग्राइंड. दोन्ही आपला अ‍ॅलोकेटर वापरतात, त्यामुळे मूळ क्रॅश त्यांच्याखाली हुबेहूब उमटेलच असे नाही. अहवालातली पहिली चूक धरावी, पुढच्या बहुधा तिचीच पिल्ले असतात.

एक तपशील मात्र अनेकांना चकवतो. जीलिबसी २.३४ पासून मेमरीच्या चुका तपासणाऱ्या ‘मॅलॉक चेक’ची सोय मुख्य लायब्ररीतून काढून वेगळ्या डीबग लायब्ररीत गेली. ती प्रीलोड केली (प्रोग्रॅमच्या आधी जोडली) नाही तर जुनी सेटिंग मुकाट्याने दुर्लक्षित होते, कुठलीही तक्रार येत नाही, आणि तपासणी झालीच नसताना प्रोग्रॅम निर्दोष ठरतो.