आठ हजार वस्तीच्या गावातली ट्राम

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. १९१० च्या जनगणनेत त्याची वस्ती भरली आठ हजारांच्या थोडी वर. अशा गावात १९०७ च्या अखेरीस विजेची ट्राम सुरू झाली. मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली तीही त्याच वर्षी, ७ मे रोजी. मुंबई मात्र तेव्हा दहा लाखांच्या घरात पोचली होती. आपल्याकडे ट्राम म्हटलं की मुंबई नाहीतर कलकत्ता आठवतं. नाशिकला ट्राम होती खरी, पण ती घोडे ओढायचे. तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीत विजेची ट्राम ही अमेरिकेत त्या काळी सर्रास दिसणारी गोष्ट होती, आणि तिचे फोटो असलेली पोस्टकार्डं जमवणारी माणसं आज एकेका कार्डासाठी वर्षानुवर्षं वाट पाहतात.

सुरुवात व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात झाली. तिथे फ्रँक स्प्रेग यांनी १८८८ च्या फेब्रुवारीत विजेच्या ट्रामचं अख्खं जाळं चालवून दाखवलं. डब्याच्या छतावर लांब दांडा, दांड्याच्या टोकाला खोबणीचं चाक, ते वरच्या तारेवरून घरंगळत वीज खाली आणणार आणि ती रुळांवाटे परत जाणार. पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतले ट्रामचे घोडे जवळजवळ निवृत्त झाले. छोट्या गावांनाही ट्राम हवीच होती. ती आली म्हणजे गाव पुढारलं, जमिनीला भाव आला. शिवाय जे वीजघर संध्याकाळी दिवे लावायचं, त्याला दिवसा ट्रामचं गिऱ्हाईक मिळायचं. रविवारी डबे रिकामे जाऊ नयेत म्हणून कंपन्या मार्गाच्या टोकाला बाग, नाचघर, पाळणे उभारत. भाडं बहुतेक ठिकाणी पाच सेंट.

याच सुमाराला पोस्टकार्डांचं वेड पसरलं. खासगी छपाईच्या कार्डांना एका सेंटचा दर १८९८ च्या कायद्याने मिळाला. १९०३ मध्ये कोडॅकने ‘३ए’ हा घडीचा कॅमेरा काढला. त्याची निगेटिव्ह नेमकी पोस्टकार्डाच्या मापाची, सव्वातीन बाय साडेपाच इंच. १ मार्च १९०७ पासून कार्डाच्या मागच्या बाजूला पत्त्याशेजारी मजकूर लिहायची मुभा मिळाली, म्हणून समोरची बाजू पूर्ण फोटोला मोकळी झाली. जून १९०८ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेच्या टपालखात्याने ६७ कोटी ७७ लाखांहून जास्त पोस्टकार्डं वाहिली. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत होती!

आता खरी मेख. छापील रंगीत कार्डं, त्यांतली बरीचशी जर्मनीत छापलेली, हजारांच्या हिशेबात मागवावी लागत. छोट्या गावासाठी तो खर्च परवडत नसे. गावातल्या फोटोवाल्याला मात्र हवी तेवढीच कार्डं काढता येत, दहा खपणार असतील तर दहाच. ट्रामचा पहिला दिवस, रुळांवरून घसरलेला डबा, पुराच्या पाण्यात अडकलेली गाडी, असं काही घडलं की तो फोटो काढून लगेच कार्डं विकायला ठेवी. त्यामुळे कित्येक गावांतल्या ट्रामचं चित्र आज उरलं आहे ते अशा मूठभर कार्डांवरच. मला स्वतःला छापील कार्डांचं फारसं आकर्षण नाही. त्यांत रंग हाताने ठरवलेले असत, कधी तारा पुसलेल्या, कधी नसलेली मोटारगाडी घुसवलेली. भिंगाखाली त्यांचे ठिपके दिसतात. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, आणि निगेटिव्ह कागदाला थेट टेकवून छापल्यामुळे मोटरमनच्या कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात.

१९१५ च्या सुमारास या सगळ्याला ओहोटी लागली. फोर्डच्या स्वस्त मोटारी आल्या, पहिल्या महायुद्धात महागाई वाढली आणि करारात अडकलेलं पाच सेंटांचं भाडं पुरेना. एकाच माणसाने चालवायचा ‘बर्नी’ नावाचा छोटा डबा काढून पाहिला, तरी एकेक गाव रूळ उखडत गेलं. फोर्ट कॉलिन्सची कंपनी बुडाली तेव्हा १९१९ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून ट्राम स्वतःच चालवायला घेतली आणि बर्नी डब्यांवर ती १९५१ पर्यंत टिकवली. तिथला २१ क्रमांकाचा डबा दुरुस्त होऊन १९८४ पासून माउंटन अव्हेन्यूवर पुन्हा धावतो आहे. हे भाग्य फार थोड्या गावांना लाभलं.

माझ्याकडच्या एका कार्डावर चार चाकांचा एक डबा मातीच्या रस्त्यात उभा आहे. पुढच्या दिव्याखाली ४ हा आकडा. दारात कंडक्टर, हात कमरेवर. मागच्या बाजूला टपालतिकिटाच्या चौकटीभोवती ‘एझो’ ही फोटोच्या कागदाच्या छापाची अक्षरं आणि चारही त्रिकोण वर टोक केलेले, म्हणजे कागद १९०४ ते १९१८ मधला. तिथेच मजकूर आणि पत्ता वेगळे करणारी रेघ मधोमध आहे, म्हणजे १९०७ नंतरचा. कार्ड टपालात पडलंच नाही, त्यामुळे शिक्का नाही. फोटोवाले निगेटिव्हवर शाईने उलट्या अक्षरांत गावाचं नाव लिहीत आणि ते कागदावर पांढरं उमटे. याच्या तळाशी तशी पांढरी अक्षरं आहेत, पण कुणीतरी अल्बमात बसवताना कडेची पट्टी कापली आणि अक्षरांची फक्त वरची टोकं राहिली. पहिलं अक्षर ‘एम’ असावं. डब्यामागच्या दुकानाच्या पाटीवर ‘हार्डवेअर’ एवढंच वाचता येतं, मालकाचं नाव दांड्याच्या सावलीत गेलं आहे. ‘एम’पासून सुरू होणाऱ्या ट्रामच्या गावांची यादी मी केली आहे आणि त्यांच्या मुख्य रस्त्यांचे जुने फोटो एकेक करून या पाटीशी ताडून पाहतो आहे.