हायटस हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

श्वासपटलातल्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यातल्या) ज्या छिद्रातून अन्ननलिका पोटात उतरते ते सैल पडून जठराचा भाग छातीत सरकतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर ५ ते १२ मिलिमीटरची साधारण पाच छिद्रे पाडतात आणि कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. जठर खाली ओढून अन्ननलिकेचा २ ते ३ सेंटिमीटर भाग ताण न देता पोटात आणतात, सैल छिद्र न विरघळणाऱ्या टाक्यांनी आवळतात आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. हा पूर्ण वेढा रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली मांडला. तुपे पद्धतीत वेढा मागून सुमारे २७० अंशांचाच असतो.

कोणता वेढा घालायचा हे आधीच्या चाचण्यांवरून ठरते. एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे बहुतेकांचा होतो. टाळली जाते ती मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब मोजणे. ती टाळू नये. अन्ननलिका अशक्त असताना पूर्ण वेढा घातला तर घास अडकत राहतो, आणि ॲकॅलेशियासारख्या (अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याच्या) वेगळ्याच आजारावर 'पित्त' समजून वर्षानुवर्षे औषधे घेतली गेलेली असू शकतात. आम्ल वर येते याचा पुरावा हवा असेल तर २४ तासांची पीएच चाचणी करतात; त्यासाठी पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या सहसा ७ दिवस आधी थांबवतात.

तंबाखू, मिश्री, विडी किमान ४ आठवडे बंद हवी. खोकल्याचा प्रत्येक ठसका नव्या टाक्यांवर बसतो, म्हणून खोकला आणि बद्धकोष्ठता आधीच आटोक्यात आणावी. क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ ठेवणारे औषध ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट घातलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. मधुमेहाच्या आणि वजन घटवण्याच्या औषधांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवावी; सेमाग्लुटाइडने जठर सावकाश रिकामे होते. जड अन्न ६ ते ८ तास आणि साधे पाणी २ तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम. मोठ्या हर्नियात जठरात अन्न साचून राहत असल्याने भूलतज्ज्ञ ही मुदत वाढवतात.

शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा खांदा दुखतो. खांद्याला काहीही झालेले नसते. गॅसने श्वासपटल चुरचुरते आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत, हिंडल्याफिरल्यावर ती ओसरते. खरी भीती उमाशांची. पहिल्या दिवसांत जोराची ओकारी झाली तर टाके फाटून जठर पुन्हा वर सरकू शकते, त्यामुळे मळमळ वाटताच नर्सला सांगावे, उलटीची वाट पाहू नये.

साधारणपणे एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पहिले एक-दोन आठवडे पातळ आहार: भाताची पेज, गाळलेले सूप, ताक, पातळ वरण. पुढे महिन्या-दीड महिन्यापर्यंत मऊ: गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, उकडून कुस्करलेली भाजी. भाकरी, पोळी, पाव, मटण शेवटी. साबुदाण्याची खिचडी चिकट गोळा होऊन अडकते. उपवास असला तरी नको. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे, बसून, सावकाश खावे. सोडा आणि स्ट्रॉ वर्ज्य, कारण ढेकर नीट येत नाही आणि पोट तंबोऱ्यासारखे फुगते. मोठ्या गोळ्या अडकतात, पण त्या कुटण्याआधी विचारावे. विशिष्ट आवरणाच्या किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत.

सूज असेपर्यंत घास थोडा अडकणारच. ६ ते १२ आठवड्यांत हे बहुधा सुटते. न सुटल्यास एंडोस्कोपीतून ती जागा फुग्याने रुंदावतात. ६ आठवडे ४-५ किलोंपेक्षा जास्त उचलू नये. भरलेली कळशी किंवा बादली त्याहून जड असते, सिलिंडरची तर गोष्टच सोडा. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून.

थुंकीही गिळता न येणे, ३८ अंश सेल्सिअसहून जास्त ताप, छातीत किंवा पोटात वाढती कळ, धाप, नाडी जोरात धावणे, एका पायाची पोटरी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडले असेल तर काही तासांचा उशीरही महागात पडतो.

मोठ्या हर्नियात काही वर्षांनी बेरियम चाचणीत थोडा भाग पुन्हा वर सरकलेला दिसणे नवलाचे नाही. त्रास नसेल तर सहसा पुन्हा शस्त्रक्रिया करत नाहीत.