समुद्राखालची तार आणि समुद्रापासून दूरचं इंदूर

सप्टेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ दोन मोठ्या केबल निकामी झाल्या आणि भारत, पाकिस्तान, आखाती देश अशा मोठ्या पट्ट्यात इंटरनेट मंदावलं. देशादेशांतला ९५ टक्क्यांहून अधिक डेटा समुद्रतळावरच्या केबलमधूनच जातो-येतो. उपग्रहांचा वाटा अगदी थोडा. मुंबई इंदूरहून रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. तरी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांचं परदेशी काम, अमेरिकेतल्या मुलांशी होणारे व्हिडिओ कॉल, निर्यातदारांचे व्यवहार हे सगळं याच केबलवर चालतं. इंदूरचं हे नातं इंटरनेटच्या काळात जुळलेलं नाही, ते पावणेदोनशे वर्षांच्या घरातलं आहे.

भारतात पाण्याखालून तार नेण्याचे पहिले प्रयोग नदीत झाले. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९मध्ये हुगळीच्या पाण्याखालून विजेचा संदेश पाठवून दाखवला. कंपनी सरकारला त्याचं महत्त्व पटायला दहा-अकरा वर्षं लागली. १८५०मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही चाचणीची तार सुरू झाली आणि १८५४पर्यंत कोलकाता, आग्रा, मुंबई ही शहरं तारेने जोडली गेली. आग्र्याहून मुंबईकडे येणारी तार ग्वाल्हेर आणि इंदूरवरून आली. आज ज्याला आपण एबी रोड म्हणतो, त्या आग्रा-मुंबई मार्गाचा हा आणखी एक वारसा. होळकरांचं इंदूर तेव्हापासून मुंबई बंदराला तारेने बांधलेलं आहे.

पण मुंबईच्या पुढे समुद्र होता आणि तिथे तार संपत होती. १८५७मध्ये याची किंमत इंग्रजांना कळली. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला, मध्य भारतातल्या तारा ठिकठिकाणी तोडल्या गेल्या. लंडनला मात्र इथल्या घडामोडींची बातमी जहाजाने पोहोचायला महिना-सव्वा महिना लागत होता. भारताशी समुद्रतारेने जोडून घेण्याची निकड तिथून वाढली. इतिहासाच्या पुस्तकांत उठावानंतर राणीचा जाहीरनामा येतो, लष्कराची फेररचना येते. समुद्रतारेचा उल्लेख क्वचितच असतो. मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची नव्वद वर्षं राज्य चालवण्याच्या पद्धतीत या तारेने मूलभूत फरक पडला.

पहिला प्रयत्न फसला. सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली तार १८६०मध्ये बंद पडली. त्यानंतर १८६४मध्ये इराणच्या आखातातून तार टाकण्यात आली आणि पुढच्या वर्षापासून तुर्की प्रदेशातून युरोपशी संदेशांची देवाणघेवाण होऊ लागली. पण ही वाट बऱ्याच अंशी जमिनीवरची, परक्या राज्यांतून जाणारी. संदेश रखडत, वाटेतल्या तारबाबूंना इंग्रजी येत नसल्याने मजकुराची मोडतोड होई. खरं यश १८७०चं. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबईत आलं आणि फेब्रुवारीत मुंबई ते एडन अशी तार अरबी समुद्राच्या तळाशी सोडत निघालं. जूनपर्यंत लंडन आणि मुंबई सलग जोडले गेले.

या तारेच्या पोटात तांब्याचा तंतू होता आणि त्यावर गटापर्चाचं वेष्टण. गटापर्चा म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, वीज बाहेर जाऊ देत नाही. त्या चिकासाठी तिथली जंगलंच्या जंगलं तोडली गेली. भारताला लंडनशी जोडणाऱ्या तारेची किंमत मलायातल्या जंगलांनी मोजली, हे या इतिहासात नोंदवलंच पाहिजे.

इंदूरच्या बाजारावर याचा परिणाम खोलवर झाला. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची, कापूस विलायतेला. पूर्वी लिव्हरपूलचा भाव जहाजाच्या टपालाने येई. आता तो समुद्रतारेने मुंबईला आणि तिथून जमिनीवरच्या तारेने आत येऊ लागला. तारेचा प्रत्येक शब्द महाग, म्हणून व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश बाळगले. तेजी-मंदीच्या सौद्यांना जोर आला. अफू आणि कापसाच्या सट्ट्यातून मोठी संपत्ती उभी करून पुढे गिरण्या काढणारे सर सेठ हुकुमचंद हे याच काळाचं फळ. गिरण्यांमुळे वाढलेलं इंदूर ज्या पैशावर उभं राहिलं, त्यातला बराचसा समुद्रापलीकडच्या भावांशी बांधलेला होता.

या जाळ्याची एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यावी लागते. १८७१मध्ये मद्रासहून पेनांग आणि सिंगापूरकडे तार गेली. म्हणजे लंडनचा संदेश समुद्रातून मुंबईला उतरे, जमिनीवरच्या सरकारी तारेने मद्रासला जाई आणि तिथून पुन्हा समुद्रात शिरे. तार येई ती पुढे जाण्यासाठी. आपल्या किनाऱ्यावरची शहरं आणि आपली बेटं एकमेकांशी जोडावीत, हा तिचा हेतू नव्हताच. लंकेला १८५८मध्येच तार मिळाली होती, कारण तिथे साम्राज्याचा व्यापार होता. अंदमानला ती मिळाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरला बिनतारी संदेशाची सोय झाली, पण ती सरकारी कामाला. सेल्युलर जेलमधल्या सावरकर बंधूंना घरी पत्र लिहायची परवानगी होती ती वर्षातून एकदा.

स्वातंत्र्यानंतरही हा क्रम बदलला नाही. १९४७मध्ये परदेशी संदेशवहन सांभाळणारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस सरकारची झाली. १९८६मध्ये तिच्या जागी विदेश संचार निगम आलं. मधल्या काळात भरवसा उपग्रहावर होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यात आर्वीचं भूकेंद्र उभं राहिलं, ते त्याचंच चिन्ह. १९८१मध्ये मद्रास-पेनांग टेलिफोन केबल आली. १९९४मध्ये आग्नेय आशिया, मध्यपूर्व आणि पश्चिम युरोप यांना जोडणारी सी-मी-वी २ ही प्रकाशतंतूंची केबल मुंबईला लागली आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर फ्लॅग, सी-मी-वी ३, सेफ, सी-मी-वी ४ अशा केबल एकामागून एक आल्या. २००२मध्ये निगमची मक्तेदारी संपली आणि त्याच वर्षी चेन्नई-सिंगापूर ही खासगी केबल सुरू झाली. यातल्या बहुतेक केबल मुंबईत, विशेषतः वर्सोव्याच्या आसपास, किंवा चेन्नईत उतरल्या. ३० जानेवारी २००८ला अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा देशातल्या आउटसोर्सिंग उद्योगाला पहिल्यांदा मोठा झटका बसला आणि सगळा भार एकाच वाटेवर ठेवण्याचा धोका दिसला.

इतकं होऊनही अंदमान उपग्रहावरच होतं. बँडविड्थ तुटपुंजी आणि महाग. डिसेंबर २००४च्या त्सुनामीत निकोबारची बेटं बाहेरच्या जगापासून तुटली, तेव्हा तरी केबलची निकड कोणाच्या डोक्यात प्रखरपणे यायला हवी होती. प्रत्यक्षात कोनशिला बसायला ३० डिसेंबर २०१८ उजाडलं. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) आणि पुढे लिटल अंदमान, कार निकोबार, ग्रेट निकोबार अशा बेटांना जोडणारी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२०ला सुरू झाली. खर्च सुमारे १,२२४ कोटी रुपये, काम बीएसएनएलच्या देखरेखीखाली. मुंबईला पहिली तार लागल्याला तेव्हा दीडशे वर्षं झाली होती. कोची आणि लक्षद्वीपच्या अकरा बेटांना जोडणारी १,८६८ किलोमीटरची केबल त्याच्याही नंतर, ३ जानेवारी २०२४ला सुरू झाली.

अशी केबल टाकणं म्हणजे आधी समुद्रतळाची पाहणी, किनाऱ्याजवळच्या उथळ भागात पोलादी कवच आणि तळात चर खणून पुरणं, खोल पाण्यात नुसती तळाशी सोडणं. लांबच्या केबलमध्ये साठ ते शंभर किलोमीटरवर प्रकाशाचा जोर वाढवणारे रिपीटर बसवतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधून दिली जाते. सर्वाधिक नुकसान होतं ते मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी. म्हणून उथळ भागातलं काम सर्वांत जिकिरीचं.

मुंबई, कोची, चेन्नई या शहरांना आपसांत जोडणारी समुद्री वाट हा प्रश्न मात्र बाकी आहे. सी-मी-वी ४ मुंबईलाही लागते आणि चेन्नईलाही. तरी मुंबईचा डेटा चेन्नईला साधारणतः जमिनीवरूनच जातो, १८७१ सारखाच. रस्त्याची खोदाई किंवा पूर यांनी जमिनीवरच्या केबल वारंवार तुटतात, हे इंदूरकरांना सांगायला नको. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३मध्ये शिफारस केली की परदेशी जाणाऱ्या केबलवरून किनाऱ्यावरच्या दोन भारतीय शहरांमधली देशी वाहतूकही नेऊ द्यावी, आणि दुरुस्तीसाठी भारतीय ध्वजाची जहाजं असावीत. आजवर केबल तुटली की परदेशी जहाजाची वाट बघावी लागत आली आहे, आणि ते आल्यावर अनेक खात्यांच्या परवानग्यांची. माझ्या मते या शिफारशींतली जहाजाची मागणी सर्वांत तातडीची. नव्या केबलसाठी खासगी पैसा येतो आहे, पण दुरुस्तीचं जहाज वर्षातले बरेच दिवस उभं असतं आणि तो खर्च सरकारने उचलल्याशिवाय ते येणार नाही.