टीएचसी आणि सीबीडी: सूत्र एकच, मूलपेशींवरचं काम वेगळं

नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, दोन्ही रेणू गांजाच्या झाडातले. दोघांतही २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. रेणुभार सुमारे ३१४.५. म्हणूनच ‘सीबीडी म्हणजे नशा वजा केलेलं टीएचसी’ हा समज पसरलाय. मूलपेशींच्या (ज्यांपासून हाडाच्या, चरबीच्या पेशी बनतात त्या) बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

टीएचसीमध्ये ऑक्सिजनचं कडं बंद असतं, सीबीडीत ते उघडं. टीएचसी पेशींवरच्या सीबी-१ आणि सीबी-२ रिसेप्टरवर (असे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांवर) थेट बसतं. सीबीडीची तिथली पकड कमजोर, त्याचा परिणाम जीपीआर-५५, टीआरपीव्ही-१, पीपार-गॅमा अशा इतर प्रथिनांच्या वाटांनी होतो. इस्राएलमधल्या २०१५ च्या अभ्यासात उंदरांच्या मोडलेल्या मांडीच्या हाडाला सीबीडीमुळे ८ आठवड्यांनी जास्त बळकटी आली. नुसत्या टीएचसीने ती आली नाही.

पण सीबीडी म्हणजे हाडंच वाढणार, असं धरून चालू नका. पीपार-गॅमा जागं झालं की अस्थिमज्जेतल्या मूलपेशी हाडाऐवजी चरबीकडेही वळू शकतात. म्हणून प्रयोगात हाडाचं कॅल्शियम दाखवणाऱ्या अलिझरिन रेडसोबत चरबी दाखवणारं ऑइल रेड ओ हे रंजकही लावायलाच हवं.

डिशमधल्या पेशींवरचा प्रयोग बहुतेकदा बिघडतो तो मात्रेत. दोन्ही रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात ०.९४ मिग्रॅ सीबीडी विरघळवलं की ३ मिलिमोलर तीव्रतेचा साठा (घट्ट मूळ द्रावण) होतो. पेशी वाढवण्याच्या १ मिलिलिटर कोमट माध्यमात त्यातलं १ मायक्रोलिटर घालून लगेच हलवा: सीबीडी ३ मायक्रोमोलर (हजारपट पातळ), डीएमएसओ ०.१ टक्का. तेवढंच नुसतं डीएमएसओ घातलेली डिश शेजारी हवीच. थंड बफरमध्ये साठा ओतला तर रेणू बाहेर पडतो आणि प्लास्टिकला चिकटतो. कागदावरची मात्रा पेशींपर्यंत पोचतच नाही. माध्यमात घालतात त्या सिरमचंही (रक्तद्रवाचंही) तसंच. १० टक्के सिरममधली प्रथिनं बराचसा सीबीडी बांधून ठेवतात, त्यामुळे तिथे पेशींनी सहज सोसलेली मात्रा सिरम काढताच त्यांना मारू शकते. सिरमचा आकडा न देणाऱ्या निष्कर्षांची तुलनाच होऊ शकत नाही. टीएचसीचा साठा उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा. हवा-उजेडात त्याचं हळूहळू सीबीएन हा वेगळाच रेणू होतो.

‘सीबीडी तेलाने गुडघ्यातल्या मूलपेशी जाग्या होतात’ म्हणणाऱ्यांना मात्रा विचारा. उपाशीपोटी तोंडाने १५०० मिग्रॅ घेतलं तरी रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे १ मायक्रोमोलर भरते, आणि त्यातलाही बहुतेक भाग प्रथिनांना बांधलेला असतो.